श्रद्धेचा नित्यपाठ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त जयपूर येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जयपूरसारख्या शहरात शाळेचा हीरक महोत्सव साजरा व्हावा, हा एक सुंदर योग आहे. हे शहर रत्नपारख्यांचे. जोहरी बाजाराच्या परिसरात पाचूच्या खड्यांना पैलू पाडणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कामात मग्न आहेत. खाणीतून आलेला खडा मळकट आणि ओबडधोबड असतो. कारागीर तो फिरत्या चाकावर धरतो, क्षणभर घासतो, उजेडाकडे धरून पाहतो आणि पुन्हा चाकावर धरतो. घाई केली तर खडा तडकतो. काम अर्धवट टाकले तर दगड दगडच राहतो. साठ वर्षे चाललेल्या शाळेविषयी हे जितके खरे आहे, तितकेच ते मनुष्याच्या श्रद्धेविषयीही खरे आहे.

आजचा विषय ख्रिस्ती श्रद्धा नित्याच्या जीवनात कशी जगावी, हा आहे. या सभागृहात निरनिराळ्या धर्मांची कुटुंबे बसलेली आहेत आणि मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती घरापुढे एक दुहेरी प्रश्न असतो. शेजाऱ्यांत ते मराठी म्हणून वेगळे पडते आणि मराठी मंडळींत ख्रिस्ती म्हणून. अशा घरातील आईवडिलांच्या मनात एक भीती दबा धरून असते. नाताळातील कागदी चांदणी, केकचा सुगंध आणि वर्षातून दोनदा मंदिरात जाणे, एवढ्यापुरतीच मुलांची श्रद्धा उरेल काय? ही भीती खरी आहे. तिला उत्तर द्यायचे तर ज्यांनी मराठी मातीत ही श्रद्धा जगून दाखविली, त्यांच्या चरित्रांकडे वळावे लागते.

त्या चरित्रांतून एक गोष्ट स्पष्ट होते. धर्माचा स्वीकार करण्यास एक दिवस पुरतो. तो अंगी मुरण्यास आयुष्य लागते. बाप्तिस्म्याचा दिवस नोंदवहीत लिहिला जातो, परंतु श्रद्धेची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, चूल पेटविताना, पाणी भरताना, शेजाऱ्याशी बोलताना सुरू होते.

प्रथम लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घेऊ. त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याला मर्यादा नव्हती. धुऊन घेण्याच्या त्यांच्या हव्यासापायी सारे घर त्रासून गेलेले असे. अशा घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात दुभंगला. पुढली काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुन्हा एकत्र आल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही आणि टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. एका घरात दोन श्रद्धा नांदत होत्या. त्या काळात हे किती कठीण होते, याची आज कल्पनाही करवत नाही.

लक्ष्मीबाईंच्या मनात पालट झाला तो कोणाचे प्रवचन ऐकून नव्हे. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशीच घोळविला. तो माणसाचा खेळ आहे, असे एकदा पटल्यावर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा त्यांनी निश्चय केला. ज्या मुलीच्या बालपणी घरात शिवाशिवीचा कहर होता, तिने दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले, हा तिच्या श्रद्धेचा पहिला पैलू. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. म्हणजे आधी आचरण पालटले आणि मग नाव. आपल्याकडे पुष्कळदा याच्या उलट घडते.

त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला आणि मराठी वाचकाने तो आपल्या घरचा मानला. त्या ग्रंथात उपदेश फार थोडा आहे. त्यात उधळ्या स्वभावाचा, हाती आलेला पैसा गरजूला देऊन टाकणारा नवरा आहे. अवेळी येणारे पाहुणे आहेत. परक्यांची पोरकी मुले आहेत. आणि या साऱ्यांना सांभाळताना स्वतःवरही हसणारी एक गृहिणी आहे. ज्यांना शालेय शिक्षण मिळाले नाही, पतीने शिकविल्यामुळे ज्या वाचू-लिहू लागल्या, त्यांनी पुढे टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुरे केले. श्रद्धा मनुष्याला गंभीर चेहऱ्याचा करते, असा ज्यांचा समज असेल, त्यांनी लक्ष्मीबाईंचे पुस्तक अवश्य उघडावे. प्रसन्नता हीदेखील साक्षच असते.

टिळकांच्या जीवनातील एक प्रसंग पालकांनी विशेष ध्यानी घ्यावा असा आहे. राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीच्या डब्यात त्यांची एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. त्या गृहस्थाने वाद घातला नाही, टिळकांच्या धर्माची निंदा केली नाही. संस्कृत काव्याविषयी त्याने आदराने गोष्टी केल्या आणि निरोप घेताना नव्या कराराची एक प्रत हाती ठेवली. ती वाचताना टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी पोहोचले आणि तेथेच खिळून राहिले. मराठी ख्रिस्ती काव्याची पहाट उगवण्यास तो प्रवासी कारण झाला. आपण बाजारात, बसमध्ये, कार्यालयात कोणाशी सौजन्याने चार शब्द बोलतो; त्यांचे पुढे काय होते, हे आपल्याला बहुधा कधीच कळत नाही. कळावे अशी अपेक्षाही असू नये.

टिळकांच्या अहमदनगरच्या घरी त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक तरुण कवी मुलासारखा वावरला. महाराष्ट्र त्याला बालकवी म्हणून ओळखतो. तो हिंदूच राहिला आणि तरीही त्या ख्रिस्ती घराच्या मायेत काही उणे पडले नाही. १९१८ साली त्याचा अकाली अपघाती मृत्यू झाला, तेव्हा या कुटुंबाने पोटचे मूल गेल्याचा शोक केला. आपला धर्म ज्याच्या ठायी दृढ आहे, त्याला दुसऱ्याच्या धर्माचे भय वाटत नाही. जयपुरातील आपल्या मुलांना संक्रांतीला शेजाऱ्यांच्या गच्चीवर पतंग उडवू द्यावा आणि नाताळात त्याच शेजाऱ्यांना घरी फराळाला बोलवावे. श्रद्धा कुंपणाने टिकत नाही; ती घरातल्या प्रेमाने टिकते.

दुसरे चरित्र पंडिता रमाबाईंचे. राजस्थानातील आपणा सर्वांना त्यांचे कार्य जवळचे वाटावे, असे एक कारण आहे. विक्रम संवत् १९५६ चा, म्हणजे इ.स. १८९९-१९०० चा दुष्काळ येथे ‘छप्पनिया’ या नावाने आजही ओळखला जातो. राजपुताना आणि गुजरात या प्रदेशांत त्याने हाहाकार माजविला. त्या वेळी पुण्याजवळच्या केडगाव येथील मुक्ती सदनातून रमाबाईंच्या सहकारी स्त्रिया गुजरातेत गेल्या आणि उपासमारीने मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या मुलींना घेऊन आल्या. त्याआधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, रमाबाई स्वतः मध्य प्रांतात हिंडल्या होत्या. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. तरुणपणी अशाच एका दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण त्यांनी गमावली होती.

रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. परंतु आपल्या निवेदनात त्या प्रांजळपणे सांगतात की, धर्म त्यांनी तेव्हा स्वीकारला, मात्र ख्रिस्ताशी जिवाभावाचे नाते जडण्यास आणखी आठ वर्षे जावी लागली. एवढ्या विदुषीला आठ वर्षे लागली, तर आपल्या घरातील सोळा वर्षांच्या मुलाने प्रार्थनेच्या वेळी जांभई दिली म्हणून हताश होण्याचे कारण नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविले. त्यांची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची सहधर्मचारिणी झाली. १८९३ साली सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून पुण्यात वादळ उठले. सल्लागार मंडळातील न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर दूर झाले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई एकाकी पडल्या. त्यांनी आपली श्रद्धा लपविली नाही आणि ज्यांनी पाठ फिरविली त्यांच्याविषयी कडवटपणाही धरला नाही. उरलेल्या मुलींना त्या दुसऱ्या दिवशीही शिकवीत राहिल्या. लोकांनी नावे ठेवली तरी हातचे काम न सोडणे, हा श्रद्धेचा कदाचित सर्वांत अवघड पैलू होय.

केडगावचे काम पाहिले म्हणजे नित्याची श्रद्धा कशी असते, ते डोळ्यांपुढे उभे राहते. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे दीड हजार माणसे राहत होती आणि शंभराहून अधिक गुरे होती. विहिरी खणाव्या लागल्या, शेती पिकवावी लागली, विणकाम शिकवावे लागले. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली गेली. त्या कामी रमाबाईंची कन्या मनोरमा हिचा पुढाकार होता. सकाळची प्रार्थना झाली की धान्य निवडणे, दळणे, गोठा साफ करणे सुरू. देवाचे नाव आणि गोठ्यातले शेण यांत त्या आश्रमाने विटाळ मानला नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी आणखी एक काम अंगावर घेतले. बायबलाची मराठी भाषा कमी शिकलेल्या स्त्रीला कठीण जाते, हे त्यांना रोज दिसत होते. म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविले. ज्या मुलींना दुष्काळातून वाचविले होते, त्यांतल्याच काही जणींनी खिळे जुळवून ते केडगावच्या छापखान्यात छापले. १९२१ साली मनोरमा निवर्तली. एकुलत्या एक कन्येच्या मृत्यूनंतरही आईने हे काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला आणि ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. दुःखाच्या दिवसांतही रोजचे पान पुरे करणे, याहून मोठी प्रार्थना कोणती असेल?

आता जयपूरकडे वळू. येथेही असे उदाहरण घडून गेले आहे. कॉलिन व्हॅलेंटाइन हे स्कॉटलंडचे मिशनरी डॉक्टर १८६६ च्या सुमारास या शहरात आले असता महाराणी आजारी होत्या. त्यांच्या उपचारांनी गुण आला. महाराजा सवाई रामसिंह यांनी त्यांना राजवैद्य म्हणून ठेवून घेतले आणि धर्मकार्याची मोकळीकही दिली. पुढे आग्र्यास जाऊन १८८१ साली त्यांनी भारतीय तरुणांना वैद्यकीय सेवेसाठी तयार करणारी संस्था काढली. राजवाड्याचे दार त्यांच्यासाठी उघडले ते वक्तृत्वाने नव्हे, रोग्याच्या उशाशी केलेल्या चोख कामाने. आपल्यापैकी कोणी हिशेब लिहितात, कोणी मुलांना शिकवितात, कोणी रत्नांचा व्यापार करतात. ग्राहकाला खड्यातील दोष न विचारता सांगणारा व्यापारी आपल्या श्रद्धेविषयी जे सांगून जातो, ते तासाभराच्या भाषणाने साधत नाही.

श्रद्धा आणि मातृभाषा यांचा संबंधही येथे सांगायला हवा, कारण ही मराठी माध्यमाची शाळा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आले. तेथील नवख्रिस्ती लोकांना पुराणश्रवणाची गोडी होती. ती ओळखून त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवी छंदात रचले; ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. परदेशात जन्मलेल्या मनुष्याला मराठीचा एवढा लळा लागला, मग ज्यांनी ती आईच्या मांडीवर ऐकली त्यांनी ती का सोडावी? मनुष्य व्यवहार कोणत्याही भाषेत करील, पण संकटात त्याच्या तोंडून जे शब्द उमटतात ते आईचे असतात. राजस्थानात राहणाऱ्या मुलांना हिंदी येईल, इंग्रजी येईल. मराठीतील प्रार्थना मात्र घरानेच दिली तर मिळेल. आजीने पाठ करून घेतलेले एखादे भजन पन्नास वर्षांनी, रुग्णालयातील रात्री, मुलाला आधार देऊन जाते.

अगदी अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. वसईच्या या धर्मगुरूंनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले आणि ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. त्याबरोबरच वसईची हिरवाई आणि विहिरींचे पाणी वाचविण्यासाठी हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत ते दबावाला न जुमानता उभे राहिले. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मंदिराच्या उंबरठ्यापाशी श्रद्धा संपत नाही, गावाच्या पाणवठ्यापर्यंत ती जाते, हे त्यांनी दाखवून दिले. मरुभूमीच्या कडेला वसलेल्या जयपूरकरांना पाण्याचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही. नळ बंद करणे आणि पक्ष्यांसाठी परळात पाणी ठेवणे, हीही उपासनाच.

ही माणसे मोठी होती, आपण सामान्य आहोत, असे कोणी म्हणेल. शुभवर्तमान त्याला उत्तर देते. प्रभू येशूंनी आपल्या शिष्यांना मिठाची आणि दिव्याची उपमा दिली. मीठ चिमूटभरच लागते, आणि दिवा घरातल्या घरात ठेवायचा असतो. प्रेषितांच्या कृत्यांत योप्पा गावची दुर्कस नावाची एक स्त्री आहे. तिने प्रवचन केल्याची नोंद नाही. ती विधवांसाठी वस्त्रे शिवीत असे. ती गेली तेव्हा त्या विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले अंगरखे त्यांनी पेत्राला दाखविले. सुई-दोऱ्याची ही साक्ष दोन हजार वर्षे टिकली आहे.

म्हणून काही अगदी लहान नियम प्रत्येक घराला सुचवावेसे आहेत. सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी पाच मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे. वचन एक वाचले तरी पुरे. घरी कामाला येणाऱ्या बाईचा पगार ठरल्या दिवशी द्यावा आणि तिला नावाने हाक मारावी. मुलाला परीक्षेत कमी गुण मिळाले तर तो खरे सांगू शकेल, असे घर ठेवावे. ज्या घरात खरे बोलण्याची भीती वाटते, तेथे प्रार्थना पोपटपंची होते. ज्या भावाशी वर्षानुवर्षे बोलणे नाही, त्याला एकदा फोन करावा. क्षमा मागणाऱ्या आईवडिलांना पाहून मूल क्षमेचा अर्थ शिकते. इतर कोणत्याही मार्गाने तो शिकविता येत नाही.

आणि काही दिवस कोरडे जातील, हेही आधीच मान्य करावे. नोकरी जाते, आजारपण येते, जवळचे माणूस सोडून जाते. ओठांवर प्रार्थना येते पण मनात उतरत नाही. अशा वेळी आपली श्रद्धा संपली असे समजू नये. दुष्काळात विहिरीचे पाणी खोल जाते; दोर अधिक सोडावा लागतो. ज्यांना स्वतःला प्रार्थना करवत नाही, त्यांच्यासाठी इतरांनी ती करावी, याचसाठी मंडळी असते. शेजारचे कुटुंब रविवारी दिसले नाही तर सोमवारी त्यांच्या दारी डबा घेऊन जाणे, हे मंडळीचे काम आहे. का आला नाहीत, असे विचारण्याची घाई करू नये. डबा द्यावा, थोडे बसावे आणि परत यावे.

माजी विद्यार्थीहो, साठ वर्षांत या शाळेतून जी मुले बाहेर पडली, त्यांच्या यशाची यादी या स्मरणिकेत छापली जाईल. शाळेला तिचा अभिमान आहे. परंतु त्या यादीत न मावणारी कितीतरी कृत्ये असतील. कोणी रात्रपाळीत आजाऱ्याला पाणी दिले असेल, कोणी लाचेचे पाकीट परत केले असेल, कोणी रागावलेल्या बापाची वृद्धपणी सेवा केली असेल. ती कृत्ये कोणत्याही स्मरणिकेत छापली जात नाहीत. देवाच्या वहीत त्यांची नोंद होते, अशी ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे.

उद्या सोमवार. उत्सवाचे मांडव उतरतील, पाहुणे आपापल्या गाडीने परततील, शाळेची घंटा नेहमीच्या वेळी होईल आणि प्रत्येक घरात नेहमीची सकाळ उजाडेल. त्या सकाळी प्रत्येकाला निदान एक तरी चांगले काम हातून घडवावयाचे बळ लाभो, आणि परमेश्वराची कृपा या शाळेवर, तिच्या लेकरांवर व त्यांच्या घरांवर सदैव राहो.